पेनिसिलिनच्या गोष्टीतील गाळलेली पंधरा वर्षे

शालेय पुस्तकांत आणि शास्त्रज्ञांच्या चरित्रसंग्रहांत पेनिसिलिनची जी गोष्ट आढळते, ती आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. सन १९२८. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग सुटीवरून परततात. जिवाणू वाढवलेल्या एका काचेच्या बशीत बुरशी आलेली असते आणि तिच्या आजूबाजूचे जिवाणू नाहीसे झालेले असतात. यापुढचे वाक्य बहुधा अशा अर्थाचे असते, की या शोधामुळे दुसऱ्या महायुद्धात असंख्य सैनिकांचे प्राण वाचले. या दोन वाक्यांच्या मध्ये पंधरा वर्षे गडप झाली आहेत, हे लेखकाच्याही लक्षात येत नाही आणि वाचकाच्याही.

फ्लेमिंग यांच्याविषयी माझी तक्रार नाही. त्यांनी १९२९ मध्ये निबंध प्रसिद्ध केला, बुरशी जिवंत ठेवली आणि मागणाऱ्यांना दिली. तक्रार आहे ती गोष्टीच्या बांधणीविषयी. शोध लागला की औषध झालेच, असा समज त्यातून पक्का होतो. आमच्याकडे संशोधनासाठी येणारे हुशार विद्यार्थीसुद्धा हा समज बरोबर घेऊन येतात. फ्लास्कमध्ये जे घडले ते टाकीत घडवणे म्हणजे नुसती हमाली, असे त्यांना मनापासून वाटत असते.

अलीकडे या गोष्टीत दुरुस्ती झाली आहे. एरिक लॅक्स यांच्या ‘द मोल्ड इन डॉक्टर फ्लोरीज कोट’ (२००४) या इंग्रजी पुस्तकामुळे ऑक्सफर्डचे फ्लोरी, चेन आणि विशेषतः नॉर्मन हीटली यांचे काम सामान्य वाचकापर्यंत पोचले. हे फार चांगले झाले. परंतु आपल्याकडे या दुरुस्तीचा अर्थ एवढाच घेतला जातो, की नायक बदलला. फ्लेमिंगऐवजी फ्लोरी. प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडायला गोष्ट अजून तयार नाही.

वास्तविक खरी अडचण ऑक्सफर्डमध्येच उभी राहिली होती. २५ मे १९४० रोजी आठ उंदरांना घातक जिवाणू टोचले गेले. त्यांतील चारांना पेनिसिलिन दिले; ते जगले, बाकीचे चार मेले. प्रयोग म्हणून हा निकाल निर्विवाद होता. पण माणूस उंदराच्या सुमारे तीन हजार पट जड असतो! फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायावर उपचार सुरू झाले. त्याची प्रकृती सुधारू लागली आणि औषध संपत आले. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून पुन्हा टोचण्यात आले. तेही पुरले नाही. मार्चमध्ये तो दगावला. औषध निरुपयोगी नव्हते, ते अपुरे होते.

अपुरे का, हे समजून घेणे वर्गात सहज शक्य आहे. ही बुरशी हवेवर जगते आणि द्रवाच्या पृष्ठभागावर साय धरावी तशी वाढते. म्हणून हीटली यांनी रुग्णशय्येवरील मलपात्रांपासून हाताला येईल ते उथळ भांडे वापरले आणि पुढे खास चिनीमातीची शेकडो भांडी बनवून घेतली. द्रवाची खोली दोन सेंटिमीटरहूनही कमी. उत्पादन दुप्पट हवे तर भांडी दुप्पट, जागा दुप्पट, माणसे दुप्पट. या वाटेने देशाला पुरेल एवढे औषध होणे नव्हते. उपाय एकच होता : बुरशीला खोल टाकीत बुडवून वाढवायचे.

पण बुडलेल्या बुरशीने श्वास कसा घ्यावा? एक लिटर पाण्यात साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. दाट वाढलेली बुरशी तो अर्ध्या मिनिटाच्या आत संपवते. तेव्हा टाकीच्या तळातून निर्जंतुक हवा सतत सोडावी लागते आणि बुडबुडे फोडण्यासाठी ढवळणी फिरवावी लागते. बुरशीचे तंतू वाढतात तसा द्रव पिठल्यासारखा घट्ट होतो, फेस टाकीबाहेर येऊ पाहतो. एखादा परका जिवाणू आत शिरला आणि तो पेनिसिलिनचे विघटन करणारे विकर तयार करणारा निघाला, तर हजारो लिटर माल गटारात. उष्णतेचा प्रश्न वेगळाच. ओल्या कडब्याची एक पेंढी तापत नाही, गंजी मात्र आतून तापते, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली की घनफळ आठपट होते आणि पृष्ठफळ चौपटच. उष्णता निर्माण होते घनफळात, बाहेर पडते पृष्ठभागातून. फ्लास्क नुसता टेबलावर ठेवून भागते. टाकीला आत थंड पाण्याच्या नळ्या लागतात. नववीचा विद्यार्थी हे गणित करू शकतो, पण पेनिसिलिनचा धडा त्याला ते करायला सांगत नाही.

१९४१ च्या जुलैत फ्लोरी आणि हीटली अमेरिकेला गेले. इलिनॉय राज्यातील पिओरिया येथे शेतीखात्याची प्रयोगशाळा होती. तेथे अँड्र्यू मॉयर यांनी मक्यापासून स्टार्च काढताना उरणारे पाणी बुरशीला खाद्य म्हणून दिले आणि उत्पादन अनेक पटींनी वाढले. त्यांनी ग्लुकोजऐवजी लॅक्टोज वापरले. बुरशी ते सावकाश खाते, आणि जरा उपाशी राहिलेली बुरशीच जास्त काळ पेनिसिलिन देते. (आज कारखान्यांत ग्लुकोजच वापरतात, पण थोडे थोडे सोडत राहतात, तत्त्व तेच.) १९४३ मध्ये त्याच गावात एका नासक्या खरबुजावर अधिक चांगली बुरशी सापडली. क्ष-किरण व अतिनील किरणांचा मारा करून तिचे आणखी सरस वाण निवडले गेले.

टाकीचा अनुभव मात्र आला सायट्रिक आम्लाच्या धंद्यातून. किण्वनाने हे आम्ल बनवणाऱ्या फायझर कंपनीने ब्रुकलिनमधील बर्फाचा एक जुना कारखाना विकत घेतला आणि १ मार्च १९४४ रोजी तेथे सुमारे २८,००० लिटरच्या चौदा टाक्या सुरू केल्या. अमेरिकेचे एकूण उत्पादन १९४३ मध्ये २,१०० कोटी युनिट होते. १९४४ मध्ये ते १,६६,३०० कोटींवर गेले. सैनिकांचे प्राण वाचवणारे पेनिसिलिन ते हे. पण खाजगी उद्योगाचा चमत्कार म्हणून ही गोष्ट सांगणाऱ्यांनी हेही सांगावे, की पिओरियाची प्रयोगशाळा सरकारी होती आणि युद्धकाळात प्रतिस्पर्धी कंपन्यांत माहितीची देवाणघेवाण घडवून आणली तीही सरकारनेच.

हा केवळ परक्या इतिहासाचा तपशील असता तर एवढे लिहिले नसते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिन बनू लागले. पुढे देशात इतर कारखानेही निघाले. नव्वदच्या दशकानंतर चीनमधील स्वस्त मालापुढे पेनिसिलिन-जी बनवणारे आपले कारखाने बंद पडत गेले. अखेर २०२० मध्ये सरकारला प्रोत्साहन योजना आणावी लागली, आणि २०२४ मध्ये काकीनाड्याजवळ नव्या कारखान्यात उत्पादन सुरू झाले. मधल्या काळात बुरशी हरवली नव्हती, सूत्र हरवले नव्हते, ग्रंथालयातले निबंधही जागच्या जागी होते. मोडले होते ते टाक्या चालवणाऱ्यांचे काम; आणि वास, फेस, मोटरचा आवाज यांवरून टाकीची तब्येत ओळखणारी माणसे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातून तयार होत नाहीत.

हीटली यांना १९४५ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला नाही. ऑक्सफर्डने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली ती १९९० मध्ये. पिओरिया आणि ब्रुकलिनमधील माणसांची तर आपल्या पुस्तकांत नावेही नसतात. फ्लेमिंग यांच्या बशीचे चित्र धड्यात जरूर राहावे. त्याच्या शेजारी ढवळणी, हवेचे नळ आणि थंड पाण्याच्या नळ्या दाखवणारी टाकीची साधी आकृती काढायला अर्धे पान पुरेल, आणि तिच्याखाली पृष्ठफळ-घनफळाचे एक उदाहरण सोडवायला देता येईल.