मूठभर वाक्यांचा बहिर्जी

गेल्या हिवाळ्यात राजगड उतरून आम्ही सहाजण गुंजवण्यात पिठलं-भाकरी खात बसलो होतो. गप्पांचं रूपांतर भांडणात व्हायला वेळ लागला नाही. वाद असा : खरा बहिर्जी नाईक कोणता? 'फर्जंद' (२०१८) मधला प्रसाद ओकांचा, की 'फत्तेशिकस्त' (२०१९) मधला हरीश दुधाडेंचा? दिग्दर्शक दोन्हींचे एकच, दिग्पाल लांजेकर, पण बहिर्जी दोन. एकजण म्हणाला, ओकांना वेशांतरात आईनंसुद्धा ओळखलं नसतं. दुसऱ्याला दुधाडेंचा बहिर्जी जास्त चपळ वाटत होता. तिसरा कादंबरीवाला. त्याच्या मते सिनेमातला बहिर्जी म्हणजे नुसती नक्कल, खरा पुस्तकात आहे. मग सगळे माझ्याकडे वळले. "तू पीएचडी करतेयस ना? सांग आता."

मी त्या दिवशी सांगितलं नाही, कारण तोंडात भाकरी होती आणि उत्तर लांब होतं. ते इथं लिहितेय. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर हा वाद तुमच्या कामाचा आहे, तुमचा विषय इतिहास नसला तरी. माझाही नाही. मी भोर-वेल्ह्यातल्या जुन्या घाटवाटा नकाशावर मांडते. चढ, पाणी, जंगल यांचा हिशोब लावून माणूस किंवा जनावर कुठून गेलं असेल याचा अंदाज बांधणं, हे माझं काम.

आधी माझी फजिती सांगते. संशोधन आराखड्याच्या पहिल्या मसुद्यात मी ऐटीत लिहिलं होतं की या वाटा बहिर्जीच्या हेरखात्याच्या वापरात होत्या आणि त्या खात्यात हजारो माणसं होती. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "हा आकडा कुठला?" मी पुस्तकाचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "ती कादंबरी आहे ना?" मसुदा परत आला आणि चार महिने गेले. पण त्या चार महिन्यांत मी पहिल्यांदा मुळाशी गेले, आणि मूळ किती छोटं आहे ते पाहून थक्क झाले.

मूळ म्हणजे मुख्यतः सभासदाची बखर. कृष्णाजी अनंत सभासदानं ती जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, १६९७ च्या सुमारास लिहिली. शिवाजी महाराज जाऊन तेव्हा सतराएक वर्षं झाली होती. या बखरीत बहिर्जी जाधव हा जासूदांचा नाईक म्हणून येतो. म्हणजे 'नाईक' हा हुद्दा. (आडनावाच्या आणि जातीच्या वादात मी शिरत नाही, तिथं कुणाचंच जेवण नीट होत नाही.) त्याला ठळक काम मिळतं ते दोन प्रसंगांत. पहिला सुरतेचा : तो तिथून येऊन सांगतो की सुरत मारली तर अमाप द्रव्य हाती लागेल. दुसरा १६७९ च्या जालन्याच्या स्वारीनंतरचा : मोगली फौज पाठीवर असताना तो राजांना आडवाटेनं, तीन दिवस-रात्री चालवत, पट्टागडावर सुखरूप पोचवतो. दोन्ही प्रसंग मिळून मूठभर वाक्यं. आणि त्यांत दाढी-मिशा लावणं नाही, फकिराचा वेश नाही, पक्ष्यांची शीळ नाही.

इथं जेम्स बाँडची तुलना उपयोगी पडते. इयान फ्लेमिंगनं १९५३ पासून बाँड लिहिला आणि तो १९६४ मध्ये वारला. मागं चौदा पुस्तकं ठेवून गेला, बारा कादंबऱ्या आणि दोन कथासंग्रह. तो हयात असतानाच, १९५८ पासून, 'डेली एक्सप्रेस'मध्ये बाँडची चित्रपट्टी सुरू झाली होती. मृत्यूनंतर किंग्जली एमिसनं टोपणनावानं १९६८ मध्ये 'कर्नल सन' लिहिली. पुढं जॉन गार्डनरनं बाँडला १९८० च्या दशकात आणून बसवलं. अँथनी होरोविट्झनं २०१५ मध्ये त्याला परत पन्नाशीच्या दशकात नेलं आणि त्यासाठी फ्लेमिंगचं अप्रकाशित लेखनही वापरलं. चाहते अजून भांडतात : चित्रपट्टीतला बाँड खरा की कादंबरीतला, गार्डनर चालतो की नाही. पण त्या भांडणाला एक मोजपट्टी आहे. चौदा पुस्तकं कपाटात आहेत, उघडा आणि ताडून बघा.

बहिर्जीच्या बाबतीत मोजपट्टीच वीतभर आहे आणि कापड मैलभर. आपल्याकडे मूळ मूठभर वाक्यं, बाकी सगळे उत्तरभाग. त्यामुळं "खरा कोणता" हा प्रश्न गुंजवण्यात सुटणार नव्हता. त्याऐवजी विचारायला हवं होतं की त्या मूठभर वाक्यांचं या लोकांनी काय केलं. आणि तिथं माझी तक्रार सुरू होते.

सुरतेचं उदाहरण घ्या. लूट झाली जानेवारी १६६४ मध्ये. तिचा दुसरा, स्वतंत्र पुरावा आहे : इंग्रज वखारवाल्यांची पत्रं. वखारीचा प्रमुख ऑक्झेंडन वखार धरून बसला होता, सुभेदार इनायत खान किल्ल्यात जाऊन लपला होता. वीरजी व्होरासारख्या गडगंज व्यापाऱ्याचं घर नेमकं लुटलं गेलं. म्हणजे कुणाकडं काय आहे याची माहिती आधी होती, असं म्हणायला जागा आहे. बखर आणि पत्रं, दोन वेगळ्या घरांतले साक्षीदार, इथं एकाच दिशेला बोट दाखवतात. पण मी वाचलेल्या पत्रांत हेराचं नाव नाही. तेव्हा 'आधी माहिती काढली होती' हे विधान दोन पायांवर उभं आहे आणि 'ती बहिर्जीनं काढली' हे एका पायावर. तुमच्या प्रबंधात ही दोन विधानं एका वाक्यात कोंबू नका, मी कोंबली होती.

आता या प्रसंगातल्या हेराचं कसब काय? बाजारपेठेचा अंदाज. माल, पैसा, बंदोबस्त यांचा हिशोब. हा माणूस मला भिकाऱ्याच्या वेशातल्या माणसापेक्षा कितीतरी रंजक वाटतो. पण उत्तरभागांना हिशोब दाखवता येत नाही, दाढी दाखवता येते.

'फत्तेशिकस्त'चा विषय लाल महालावरचा १६६३ चा छापा. तिथं तर गंमतच आहे. लाल महाल राजांच्या लहानपणाचं घर. दारं, जिने, मुदपाकखाना, हे कुणी हेरून येऊन सांगायची गरज नव्हती. गरज होती ती खान कुठं निजतो, चौक्या कधी सैलावतात, रमजानच्या दिवसांत वाड्यातली हालचाल कशी असते याची. घराचा नकाशा माहीत असलेला राजा आणि घराची सवय माहीत असलेला हेर, एवढ्या ताणावर अख्खा सिनेमा उभा राहिला असता. त्याऐवजी वेशांतर आणि तलवारी पुढं आल्या. 'फर्जंद'ला मात्र एक श्रेय द्यायला हवं. पन्हाळ्याच्या मोहिमेत माहिती काढणं हे एकट्या नायकाचं काम नाही हे त्यात दिसतं. मृण्मयी देशपांडेंची केसर कल्पित असेल, पण गडाच्या आत कुणीतरी असल्याशिवाय बाहेरचा हेर काही करू शकत नाही, ही जाण खरी आहे. कल्पना करायला माझी हरकत नाही. ती मुळातल्या पोकळीत बसावी, मुळात जे आहे ते झाकू नये, एवढंच.

आणि सगळ्यांत जास्त झाकला गेलाय तो पट्टागडाचा प्रसंग. नकाशा काढा. लढाई संगमनेरच्या बाजूला झाली असं धरलं, तर तिथून पट्टागड सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. घोड्यावरच्या माणसाला तीन दिवस-रात्री का लागाव्यात? एक, लढाई आणखी पूर्वेला झाली असेल. दोन, वाट मुद्दाम वळसे घेत नेली असेल. तीन, लुटीनं लादलेली जनावरं आणि जखमी माणसं यांच्या गतीनं सगळे चालले असतील. चार, 'तीन' हा गोष्ट सांगणाऱ्याचा आकडा असेल. चारही शक्यता तपासता येतात, निदान तिघांना तरी चढ-उताराच्या हिशोबात बसवून बघता येतं. एवढा मोठा प्रश्न उघड्यावर पडलाय आणि मी पाहिलेल्या एकाही सिनेमानं, वाचलेल्या एकाही कादंबरीनं त्याला हात लावलेला नाही. रात्र, थकलेली घोडी, मागं फौज, आणि पुढं एकच माणूस ज्याला वाट माहीत आहे. यापेक्षा जास्त नाट्य हवंय तरी कसलं?

मला ही वाट का दिसली, तर मी वेल्ह्यात असल्या माणसांबरोबर फिरते म्हणून. केळदजवळ मढे घाट आणि उपांड्या घाट शेजारी शेजारी कोकणात उतरतात. माझ्या संगणकानं एक वाट सोपी ठरवली होती. गावातले एक आजोबा नकाशा न बघताच म्हणाले, "तिकडनं बैल जायचा न्हाई. आन् पौषानंतर पानी न्हाई." चढाचा हिशोब माझ्याकडं होता, पाणी आटण्याचा महिना नव्हता. जासूदांचा नाईक म्हटलं की आता माझ्या डोळ्यासमोर तसा माणूस येतो.

पट्टागडासाठी मी सध्या दोन वाटा आखल्यात, एक उत्तरेकडून आणि एक प्रवरेच्या अंगानं. मार्गशीर्षातलं पाणी कुठं टिकतं ते अजून भरायचंय. पुढच्या महिन्यात त्यातली एक चालून बघणार आहे. कादंबरीवाला मित्र सोबत येतोय. त्याची एकच अट आहे : सभासद तो स्वतः वाचून येणार, मी आधीच काही सांगायचं नाही.