धूळ पुसलेले फोटो

नाशिकमधल्या कार रॅलीचे हौशी फोटो बघायला बसलं की पन्नासाव्या फोटोपर्यंत माझी एकच तक्रार उरते: हे नाशिक आहे हे कुठूनच कळत नाही. बॉनेटवरचा प्रत्येक स्टिकर वाचता येतो. चाकाखालून उडालेला खडा न खडा मोजता येतो. मागचा डोंगर मात्र लोण्यासारखा वितळलेला. राष्ट्रीय मालिकेतली ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ आपल्या जिल्ह्यात झालेली आहे, पण हेच फोटो कोइमतूरचे म्हणून दाखवले तरी कुणी हरकत घेणार नाही.

अधिकृत फोटोग्राफरचं मी समजू शकतो. त्याला पैसे स्टिकर दिसण्याचेच मिळतात. पण आपण फीतीच्या अलीकडे, स्वतःच्या पेट्रोलने येऊन, सकाळपासून उन्हात उभे असतो. आपणही तोच फोटो का काढायचा?

मी निफाडचा, त्यामुळे या सवयीचं मूळ मला जरा जवळून दिसतं. आमच्या तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर आहे, 2020 साली रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण. इथल्या बऱ्याच हौशी लोकांचा हात पक्ष्यांवर बसलेला आहे. लांब लेन्स, पक्षी मधोमध, डोळा धारदार, मागचं सगळं धूसर. पक्ष्याला ते शोभतं. मग तीच लेन्स, तीच चौकट रॅलीत येते आणि गाडीचा खंड्या होतो.

रॅली मुळात अशी बघण्याचा खेळच नाही. सर्किटवर गाडी पुन्हा पुन्हा समोर येते. रॅलीत बंद केलेल्या रस्त्यावर गाड्या ठरावीक अंतराने एकेक करून सुटतात, लढत घड्याळाशी असते. शेजारी बसलेला सहचालक पुढची वळणं वाचून दाखवत असतो. प्रेक्षकाला एक गाडी मिळते तीन-चार सेकंद. बाकी वेळ वाट बघणं, कान टवकारणं, ‘आली आली’ ही आरोळी, आणि नंतर नाकातोंडात मुरूम. दिवसाचा एवढा मोठा भाग फोटोतून गायब असेल तर तो फोटो दिवसाबद्दल काय सांगतो?

जाक-आंरी लार्तीग या फ्रेंच माणसाचा 1912 मधला म्हणून ओळखला जाणारा एक फोटो जरूर शोधून बघा. काढला तेव्हा तो अठराच्या आसपासचा, निव्वळ हौशी. ग्रां प्री शर्यतीतली 6 नंबरची गाडी चौकटीतून निसटतेय, तिचं तोंड कापलं गेलंय. मागचं चाक अंडाकृती होऊन पुढे झुकलंय, आणि कडेचे लोक व खांब उलट्या दिशेला कलले आहेत. कॅमेऱ्याच्या शटरची फट काचेवरून सरकत जायची, तेवढ्यात गाडीही सरकली, म्हणून चाक तिरकं. त्याने कॅमेरा गाडीमागे फिरवला, पण गाडीइतका वेगाने नाही, म्हणून माणसं तिरकी. 1963 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याचं प्रदर्शन भरवलं आणि वयाच्या 69व्या वर्षी तो जगाला माहीत झाला. नियमांच्या हिशेबाने नापास असलेल्या या फोटोत वेग आहे, आणि तो ज्यांच्या अंगावरून गेला ती माणसंही आहेत.

गंमत म्हणजे तुमच्या खिशातला फोनही असंच करतो. त्याचा सेन्सर चित्र एकेक ओळ करून वाचतो, त्यामुळे जवळून सुसाट जाणारी गाडी कमी-जास्त तिरपी येते. हिशेब करून बघा: ताशी 100 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाच्या हजाराव्या भागात जेमतेम तीन सेंटिमीटर सरकते, साठाव्या भागात जवळजवळ अर्धा मीटर. पहिल्यात गाडी रस्त्यावर पार्क केल्यासारखी दिसते. तरी बहुतेकांना पहिलाच हवा असतो.

बैलगाडा शर्यतींच्या फोटोंत हा आजार मला कमी दिसतो. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यावर आपले फोन त्या रील्सनी भरून गेले. त्यात बैल असतात, पण कठड्यावर चढलेली पोरं, उडालेल्या टोप्या, गुलालही असतो. तिथली गर्दी कापावी असं कुणाला वाटत नाही, कारण ती आपली गर्दी असते. रॅली मात्र ‘बाहेरची’, म्हणून तिच्या फोटोतून आपण स्वतःलाच पुसतो.

याला आणखी एक बाजू आहे, आणि ती गंभीर आहे. तोंडावर येणारी, अख्खी चौकट भरणारी गाडी हवी असेल तर वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभं राहावं लागतं. ताबा सुटला की गाडी नेमकी तिकडेच जाते. पोर्तुगालच्या 1986च्या रॅलीत लोक रस्त्यालाच खेटून उभे होते. एक गाडी गर्दीत घुसली आणि तीन प्रेक्षक गेले. त्या काळची दृश्यं बघताना अंगावर काटा येतो. गाडी येईपर्यंत माणसं रस्त्यात, हातात कॅमेरे, आणि शेवटच्या क्षणी फाटणारी गर्दी. फीतीमागे, आतल्या बाजूच्या उंच बांधावर गेलात तर गाडी लहान दिसेल. पण समोरच्या उतारावरची माणसंही चौकटीत येतील, आणि त्यांच्यामागचा डोंगरसुद्धा.

मला आवडलेला एकच फोटो सांगतो, एका पोराने साध्या फोनवर काढलेला. उजव्या कडेला गाडीचा फक्त मागचा बंपर. मधे धुळीचा पिवळा पडदा. त्यात पदर नाकाला लावलेली एक आजी, तिच्या हाताला धरून उड्या मारणारा नातू, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे सात-आठ जण. गाडी केव्हाच पुढे गेलीय, पण त्यातले दोघे अजून उलट्या दिशेला, वळणाकडे बघतायत. त्यांना पुढचीचा आवाज आलाय.