डी रायटर व त्याचा चरित्रकार

डच दर्यासारंग मिखिएल डी रायटर याचें गेरार्ड ब्रांटकृत बृहत् चरित्र १६८७ सालीं प्रसिद्ध झालें. व्लिसिंगेन येथें १६०७ त जन्मलेला, दोरखंडाच्या कारखान्यांत राबणारा एक गरीब पोर पुढें इतका मोठा सेनापति झाला कीं, १६६७ त त्याच्या आरमारानें मेडवे नदींत शिरून इंग्रजांचीं लढाऊ जहाजें जाळलीं. ही कथा ब्रांट तन्मयतेनें सांगतो. परंतु त्याच्या भक्तीस विवेकाची जोड नाहीं, असें आम्हांस वाटतें. १६७६ त डी रायटरनें नेपल्स येथें वल्हीं मारण्यास जुंपलेल्या हंगेरियन धर्मोपदेशकांची सुटका करविली. ह्याच पुरुषानें १६६४-६५ त आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील, गुलामांच्या व्यापारास उपयोगी पडणारीं डच ठाणीं परत जिंकलीं होतीं. चरित्रकार हीं दोन्ही कृत्यें यशाच्या एकाच माळेंत ओंवतो. त्या काळाची दृष्टि तशीच होती, हें आम्ही जाणतों; तथापि आजच्या वाचकानें हे दोन प्रसंग शेजारीं ठेवूनच वाचावे. सुटकेनंतर थोड्याच महिन्यांत सिराक्यूस येथें लढाईच्या जखमेनें निवर्तलेल्या ह्या वीराचें शौर्य त्यामुळें उणें ठरत नाहीं. त्याची दया मात्र कोठवर पोंचत होती, हें कळतें.