नेम आणि संग्रह

खंडेनवमीस पांढुर्णा आणि सौसर या भागांतील मराठी घरांत विळा, कोयता, क्वचित जुनी तलवार देवापुढे मांडून पूजिली जाते. अशाच एका प्रसंगी एका परिचिताने आम्हांस पुसले की, जुनी जर्मन नेमबाजीची पिस्तुले जमविणे हा छंद रसिकतेत गणावा काय? प्रश्न वरवर कायद्याचा दिसला, तरी मुळात तो अभिरुचीचा आहे.

या छंदाचे आराध्यदैवत म्हणजे त्सेला-मेलिस येथील वाल्थर कारखान्याचे 'ऑलिंपिया' पिस्तूल. १९३६ च्या बर्लिन क्रीडासोहळ्याने त्याची कीर्ती पसरविली; त्या वर्षी वेगवान पिस्तुलाचे सुवर्णपदक जर्मनीच्या कॉर्नेलियुस फान ऑयेन यांनी मिळविले. .२२ बोअरचे बारीक काडतूस, तळहातास बिलगणारी लाकडी मूठ, नळीखाली जोडावयाची वजने, ही सारी योजना हात स्थिर राहावा एवढ्याचसाठी आहे. महायुद्धाने ही निर्मिती खंडित झाली. पुढे स्वित्झर्लंडच्या हेमर्ली कारखान्याने त्याच घाटाची पिस्तुले काढली. म्हणूनच युद्धपूर्व नगाचे मोल मोठे. त्याचे सौंदर्य आम्ही मुक्तकंठाने मान्य करितो.

परंतु संग्राहक नगाचा क्रमांक पाहतो, ठसा पाहतो, झिलई पाहतो. इतिहास मात्र सोयीपुरताच पाहतो. याच वाल्थर कंपनीने युद्धकाळात हांबुर्गजवळील नॉयनगामे छळछावणीतील कैद्यांना शस्त्रनिर्मितीस जुंपले होते. हे पान गाळून केलेले कौतुक अपुरे होय.

दुसरा दोष अधिक खोल आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात १९८३ च्या दुरुस्तीने माणशी तीन अग्निशस्त्रांची मर्यादा घातली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आली, आणि वडिलोपार्जित शस्त्रही त्यांतच धरले जाते. ४५ व्या कलमाची सूट जुन्या शस्त्रास मिळते, ती ते दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच. २०२० च्या अधिसूचनेने दुर्मिळ कौतुकवस्तू ठरलेल्या शस्त्राचा ताबा परवान्यावाचून मोकळा केला. तरी वापर व वाहतूक परवान्याखालीच राहिली. आमचे व्यवसायबंधू यास जाच म्हणतील. आम्हांस यात एक कसोटी दिसते. ज्या यंत्राचे सारे सौंदर्य चालण्यात आहे, ते मुके करून कपाटात ठेवणारा नेमके काय जपतो?

पुण्याच्या दिनकर केळकरांनीही आयुष्यभर वस्तू जमविल्या; पण दिवे, कुलुपे, अडकित्ते यांत त्यांनी ती वापरणारे हात पाहिले, आणि १९७५ साली तो ठेवा शासनाच्या, म्हणजे लोकांच्या स्वाधीन केला. उलट, कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळविले. तेथे शस्त्राचे वय कोणी पुसले नाही.

आपल्या भाषेत 'नेम' म्हणजे लक्ष्य, आणि 'नेम' म्हणजे व्रतही. जाम सावळीच्या हनुमंतास शनिवारी न चुकता जाणारा सौसरचा भाविक दुसरा अर्थ जाणतो. नेमबाज रोजच्या सरावाने दोन्ही अर्थ एक करितो. संग्राहकाजवळ पिस्तूल असते, नेम नसतो. म्हणून त्या परिचितास आमचे उत्तर असे: एकच ठेवा, परवान्याने ठेवा, सराव करा, आणि हात थकला की ते संग्रहालयास द्या. देवापुढे मांडण्याजोगे शस्त्र तेच, ज्याने धरणाऱ्यास काही शिकविले.