काँक्रीटखाली जाणारी रेघ

माझा मामेभाऊ विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसनजवळ राहतो. घरामागे सुतारकामासाठी तो २४ बाय ३२ फुटांची शेड बांधतोय. तिच्या जमिनीतून गरम पाण्याच्या नळ्या कशा फिरवायच्या याचा त्याने पेन्सिलीने काढलेला नकाशा गेला आठवडाभर माझ्या टेबलावर आहे. इतकी विचारी रेघ मी फार दिवसांनी पाहिली.

नकाशात चार लूप आहेत, प्रत्येक सुमारे २२० फुटांचा. अर्ध्या इंची पेक्स (प्लास्टिकच्या) नळीचा एक लूप ३०० फुटांपुढे नेत नाहीत, कारण वाटेत पाणी निवतं आणि पंपावरचा ताणही वाढतो. पण मला या आकड्यापेक्षा त्यातला सारखेपणा मोलाचा वाटतो. पाणी नेहमी सोपी वाट धरतं. एक लूप आखूड राहिला तर बहुतेक पाणी त्यातूनच पळेल आणि लांबच्या कोपऱ्याला उष्णता पोचणार नाही. चारही लूप मॅनिफोल्डपासून, म्हणजे पाणी वाटून देणाऱ्या जोडणीपासून, निघतात आणि तिथेच परततात; कुठेही रेघ रेघेला छेदत नाही.

मधल्या लूपमध्ये नळी दोन-दोन फूट सोडत चक्राकार आत जाते आणि परतीची नळी त्या मोकळ्या गल्लीतून बाहेर येते. त्यामुळे प्रत्येक ऊन नळीशेजारी एक निवलेली नळी असते आणि जमीन सगळीकडे सारखी उबदार राहते. उत्तरेच्या भिंतीशी मात्र तो नेमका हाच नियम मोडतो. तिथे नळी नागमोडी आहे, ओळींमधलं अंतर १२ इंचांऐवजी ६ इंच आहे आणि सगळ्यात गरम पाणी आधी भिंतीच्या कडेला जातं. जिथे थंडी सर्वांत जास्त शिरते, तिथे पहिलं ताट वाढलेलं आहे. मोठ्या दारापाशीही तसंच. ६ इंचांत नळी सरळ वळवली तर ती मुडपते, म्हणून प्रत्येक वळण त्याने बल्बसारखं फुगवलंय. मी या वळणांवर बराच वेळ थांबलो. नळी हातात धरून पाहिलेल्या माणसालाच ती अशी काढता येतात.

नकाशात दोन चौकोन कोरे आहेत. पाहणाऱ्याला वाटेल, काम अपुरं राहिलं. तिथे लेथ आणि बँडसॉ बसणार आहेत आणि त्यांचे बोल्ट कोब्यात उतरणार आहेत. ड्रिलच्या एका चुकीने नळीला भोक पडलं तर जमीन फोडावी लागेल. लाकडाच्या रॅकखालीही नळी नाही. रचून ठेवलेल्या फळ्या खालून तापवून कुणाचं भलं होणार? माझ्या मते हा नकाशा या कोऱ्या जागांमुळेच मोठा ठरतो.

एक उणीव सांगायलाच हवी. मॅनिफोल्ड अगदी कोपऱ्यात आहे, त्यामुळे चारही लूपच्या जाण्यायेण्याच्या आठ नळ्या तिथे गर्दी करतात. तेवढी जमीन उगाच जास्त तापेल. तो भिंतीच्या मध्यावर हवा होता.

सुताराला हे सारं कशासाठी, असं कुणी विचारेल. जानेवारीत तिथे पारा उणे २० अंशांखाली जातो. गरम हवा फुंकणारा हीटर लाकडाचा भुसा उडवतो आणि तो ओल्या पॉलिशवर बसतो. उबदार जमीन काही उडवत नाही. दिवसभर उभं राहणाऱ्याच्या तळव्यांना ऊब मिळते आणि फळ्या आणायला मोठं दार उघडलं तरी कोब्यात साठलेली उष्णता टिकते. दोष इतकाच की हा कोबा तापायला बराच वेळ घेतो. आठवड्यातून एकदाच शेड उघडणाऱ्याने याच्या नादी लागू नये.

मॅडिसनमध्येच फ्रँक लॉइड राइटने जेकब्स दांपत्यासाठी बांधलेलं, १९३७ मध्ये पूर्ण झालेलं घर आहे. त्यातही उष्णता जमिनीखालूनच दिली होती. राइटला ही गोडी लागली ती टोकियोत, एका बॅरनच्या घरातल्या कोरियन खोलीत बसल्यावर. कोरियातल्या पारंपरिक 'ओंदोल'मध्ये चुलीचा धूर जमिनीखालच्या वाटांनी फिरतो. भावाने जेकब्स यांचं घर पाहिलंय, पण नकाशात त्याची नक्कल नाही.

नकाशाच्या तळाशी त्याने बारीक अक्षरात क्रम लिहिलाय: आधी दोन इंची फोम, मग जाळीला बांधलेली नळी, मग हवेचा दाब भरून गेज लावायचा आणि तो तसाच ठेवून काँक्रीट ओतायचं. ओतताना फावडं लागून नळी फुटली तर काटा लगेच खाली येईल.

पुढच्या महिन्यात कोबा पडेल आणि ही रेघ कायमची झाकली जाईल. कुणी असं काम करणार असेल तर माझी एकच विनंती आहे: काँक्रीटची गाडी दारात येण्याआधी नळ्यांवर मोजपट्टी ठेवून प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढून ठेवा.