पळून जाणारीचे क्रियापद

पेशवेकालीन कागदपत्रांत ‘कुणबीण’ हा शब्द आला की चंद्रपूर-गडचिरोलीकडील विद्यार्थी हमखास अडखळतो. त्याच्या परिचयाची कुणबीण म्हणजे शेतात राबणारी, जातीने कुणबी असलेली स्त्री. कागदातील कुणबीण मात्र विकत घेतलेली, लग्नात आंदण दिलेली किंवा शिंदळकीच्या आरोपावरून सरकारजमा झालेली दासी असते. मोल्सवर्थच्या कोशाने दोन्ही अर्थ नोंदविले आहेत. कष्टकरी स्त्रीचे सामान्यनामच मालकीच्या वस्तूचे नाव व्हावे, ही केवळ अर्थच्छटेची बाब नव्हे.

हिशेबाच्या यादीत या दासीचे नाव, वय आणि किंमत येते. तिच्याविषयीचे कथन मात्र मालकीच्या तंट्यातूनच जन्मास येते. ती पळाली, दुसऱ्याने तिला ठेवून घेतले, तिची मुले कोणाची हा प्रश्न उभा राहिला, की मग लेखनिक लिहू लागतो. विकणे, देणे, ठेवून घेणे, हवाली करणे या साऱ्या क्रियांचे ती कर्म असते. ‘पळून जाणे’ या क्रियेची मात्र ती कर्ता आहे, आणि वादाचे मूळ नेमके तेथेच असते. फूकोने १९७७ मध्ये ज्या अप्रसिद्ध आयुष्यांविषयी लिहिले, ती सत्तेशी झालेल्या टकरीमुळेच आपल्यापर्यंत पोचतात. ही दासी त्यांच्याच पंक्तीतली. येथे वंचितांचा ‘आवाज’ गवसल्याचा मोह (तो हल्ली फार स्वस्त झाला आहे) टाळलेला बरा. निवाड्यात तिची कृती नोंदली जाते, पण तिचा हेतू मालकाच्या तक्रारीतून गाळून आलेला असतो.

१८४३ च्या पाचव्या कायद्याचा पवित्रा या संदर्भात पाहण्याजोगा आहे. त्याने कोणालाही मुक्त केल्याचा उच्चार केला नाही. माणसावरील मालकी न्यायालये मानणार नाहीत, एवढेच ठरविले. म्हणजे तंटा मांडण्याची जागाच बंद झाली आणि त्याबरोबर तंट्यातून निपजणारे कथनही. चांदा त्या वेळी नागपूरकर भोसल्यांकडे होता. तो १८५४ साली कंपनीच्या राज्यात आला, आणि गुलामांची खरेदी-विक्री गुन्हा ठरविणारी दंडसंहिता १८६२ मध्ये अमलात आली.

जंगलपट्ट्यात प्रश्न निराळे रूप घेतो. वेठीत माणूस विकला जात नाही. वनग्रामांत जमीन कसण्याच्या मोबदल्यात वनखात्यासाठी राबण्याचे बंधन होते. श्रमावर हक्क आहे, पण माणसाची खरेदी नाही. मग ‘ही माझी’ असा दावा कोण लावणार? जो तंटा पेशवाईतील दासीला निदान एका क्रियापदाचे कर्तेपण देतो, तो येथे उद्भवतच नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याची वाटही १८४३ ची आठवण करून देणारी आहे. बांधील कर्ज त्याने रद्द केले आणि त्याच्या वसुलीचा दावा दिवाणी न्यायालयात लावण्यास मनाई केली. मात्र या वेळी मुक्ततेचा उच्चार कायद्याने स्पष्ट शब्दांत केला आहे, हा फरक लहान नाही.

मराठी गद्याच्या इतिहासात आपण बखरीला मानाचे पान देतो. निवाडे आणि महजर ‘साधने’ म्हणून इतिहास विभागाकडे सोपवितो. बखरीतील लढाईच्या वर्णनाला लावतो ती कर्ता, कर्म आणि निवेदक यांची चिकित्सा निवाड्याला न लावण्याचे वाङ्मयीन कारण मला तरी दिसत नाही. बखरीत दासी आलीच तर वाड्याच्या वर्णनात येते. निवाड्यात ती त्या वाड्यातून बाहेर पडलेली असते.