एकशे वीस सराव आणि दोन हात

गिटार शिकणाऱ्याच्या हाती आजही हमखास पडणारे एक जुने पुस्तक आहे. मावरो ज्युलियानी या इटालियन वादकाचे हे पुस्तक १८१२ साली व्हिएन्नात प्रसिद्ध झाले. त्यातील उजव्या हाताचे १२० सराव अनेकदा स्वतंत्रपणे छापले जातात. त्यांची रचना एखाद्या चांगल्या प्रयोगासारखी आहे. डाव्या हाताने दोनच कॉर्ड धरायच्या, सी मेजर आणि जी सेव्हन. बदलायचा तो फक्त उजव्या हाताच्या बोटांचा क्रम. एक घटक स्थिर ठेवून दुसरा तपासायचा, ही पद्धत आम्हा प्रयोगशाळेत वावरणाऱ्यांना लगेच भावते.

परंतु वेगळे केलेले घटक शेवटी पुन्हा एकत्र आणावे लागतात. गिटारवर डाव्या हाताचे बोट तार दाबते आणि उजव्या हाताचे बोट तीच तार छेडते. डावे बोट उशिरा पोचले तर सूर खरखरतो. लवकर उचलले गेले तर तो तुटतो. मिनिटाला १२० ठोके आणि प्रत्येक ठोक्यात चार सूर धरले, तर एका सुराच्या वाट्याला १२५ मिलिसेकंद येतात. चूक ऐकून ती त्याच सुरात सुधारायला एवढा वेळ पुरत नाही. दोन्ही हातांच्या हालचालींची आखणी मेंदूला आधीच करावी लागते. डावा हात जवळजवळ स्थिर ठेवून ही आखणी कशी शिकता येईल? सगळे सराव बिनचूक वाजवणारा विद्यार्थी साध्या सुरावटीत अडखळला, तर नवल नाही.

अशा सरावांनी बोटे ‘सुटी’ होतात, असेही सांगितले जाते. वर्गात एक प्रयोग करून पाहावा. मधले बोट आत दुमडून बाकीच्या बोटांची टोके टेबलावर टेकवा आणि एकेक बोट उचला. अनामिका जवळजवळ हलत नाही. बोटे सरळ करणाऱ्या कंडरा हाताच्या पाठीवर आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. सरावाने हे बंध तुटत नाहीत. सुधारते ती मेंदूच्या आज्ञांची वेळ. म्हणून दुखेपर्यंत सराव करायला लावण्यात शहाणपण नाही.

मग दोष ज्युलियानीचा का? आम्हाला तसे वाटत नाही. मूळ पुस्तकाचे चार भाग आहेत. दुसरा भाग डाव्या हातासाठी आहे, तिसरा सुरांच्या अलंकरणासाठी, आणि चौथ्यात दोन्ही हातांना एकत्र आणणारे बारा धडे आहेत. मेल्त्सेलने मेट्रोनोमचे पेटंट १८१५ साली घेतले. त्यामुळे ठोक्यांचा आकडा गाठण्याची शर्यत या पुस्तकात असणे शक्यच नव्हते. पहिला भाग सुटा काढून तिला जुंपले ते नंतरच्यांनी.

शे आणि मॉर्गन यांनी १९७९ साली हाताच्या साध्या हालचालींवर प्रयोग केले. एकच हालचाल सलग घोटणाऱ्यांपेक्षा क्रम बदलत सराव करणारे सुरुवातीला मागे पडले, पण पुढे त्यांच्याच लक्षात अधिक राहिले. तेव्हा या सरावांतले चार-पाचच निवडावेत, संथ लयीत त्यांचा क्रम बदलत राहावे आणि त्याच दिवशी दोन्ही हात हलतील अशी एखादी छोटी सुरावट वाजवावी, असे आम्ही सुचवू.

पाढे तोंडपाठ असूनही उदाहरणापाशी अडणारे मूल प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले असते. त्याला आणखी पाढे देऊन आपण त्याची अडचण सोडवत नाही.